रेषेचं समीकरण: आधी माहिती मोजा, मग सूत्राकडे वळा

अकरावीत सरळ रेषांचा धडा सुरू झाला की मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक चौकट तयार होते. बिंदू-चढ रूप, दोन बिंदू रूप, चढ-अंतःखंड रूप, अंतःखंड रूप, सामान्य रूप. चौकट पाठ होते, आणि तरी प्रश्न वाचून झाल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "काकू, यातलं कुठलं लावू?" हा लेख त्या एका प्रश्नाचं लांबलचक उत्तर आहे.

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. मुलगी अकरावीत गेली तेव्हा कॉलेजनंतर पहिल्यांदाच हे पुस्तक हातात घेतलं, तिच्याबरोबर धडा पहिल्या ओळीपासून केला, आणि मग संध्याकाळी आजूबाजूची मुलंही येऊन बसू लागली. त्यांच्यात सीबीएसईची असतात, एमपी बोर्डाची हिंदी माध्यमाची असतात, आणि वडिलांची बदली झाली म्हणून पुण्या-नागपूरहून आलेलीही असतात. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत निर्देशक भूमितीत रेषेचा चढ होऊन जातो. सीबीएसईच्या दहावीत अंतराचं आणि विभाजनाचं सूत्र असतं, चढ नसतो. त्यामुळे कोणाला हा धडा ओळखीचा वाटतो, कोणाला अगदी कोरा. तुम्ही यातले कोणीही असा, पायऱ्या क्रमानेच करा. ज्यांना चढ येतो असं वाटतं त्यांनी तर पहिली पायरी मुळीच गाळू नये.

काय काय जवळ हवं

- ग्राफची वही, पट्टी, बारीक टोकाची पेन्सिल. वही खजूरी बाजारात घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात, पण सेंटिमीटरच्या चौकटीत मिलिमीटरच्या रेघा असलेली घ्या. मोठ्या चौकटींच्या वहीत ७/३ कुठे मांडायचे यातच वेळ जातो.
- ०, ३०, ४५, ६०, १२०, १३५ आणि १५० अंशांच्या टॅनच्या किमती. ९० अंशांच्या टॅनला किंमत नाही, हेही त्याच यादीत लिहा.
- अपूर्णांक आणि ऋण संख्यांची वजाबाकी. हसू नका. या धड्यात जे मार्क जातात त्यातले बरेचसे भूमितीत नाही, वजा चिन्हात जातात.
- मोबाईलवर जिओजेब्रा किंवा डेसमॉस, समीकरणाचा ग्राफ काढून दाखवणारी ॲप. दोन्ही फुकट आहेत. पण उत्तर काढून झाल्यावरच उघडायचं. रेषा आधी दिसली की डोकं आपणहून काम थांबवतं.

कॅल्क्युलेटर लागत नाही.

आता अक्षरांचं. या लेखात आडव्या अक्षावरचा निर्देशक क्ष, उभ्या अक्षावरचा य, चढ म, आणि य-अक्षावरचा अंतःखंड क. शाळेच्या पुस्तकात जिथे एक्स, वाय, एम आणि सी छापलेलं असेल तिथे अनुक्रमे हीच वाचा. हिंदी पुस्तकात चढाला ढाल म्हटलेलं असतं, कोचिंगमध्ये सगळे स्लोप म्हणतात. भास्कराचार्य अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक म्हणत आणि गणित तरी सुटत असे, तेव्हा अक्षरावरून अडून बसू नका.

१. चढ आधी हाताने काढा

रेषेवर कुठलेही दोन बिंदू घ्या. एका बिंदूवरून दुसऱ्याकडे जाताना य किती बदलला, भागिले क्ष किती बदलला, तो चढ. बस्स, एवढंच. बाकी सगळा धडा या एका ओळीतून निघतो, म्हणून इथे घाई करू नका.

इंदूरकरांना चढाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. महूच्या पुढे पातालपाणी ते कालाकुंड हा मीटरगेजचा घाट आहे. रेल्वेच्या भाषेत तिथली चढण '४० ला १'. म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. चढ १/४०, दशांशात ०.०२५. कोन काढला तर दीड अंशाहूनही कमी भरतो. आगगाडीला एवढासुद्धा जड जातो. उलट व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी '१२ ला १' हे प्रमाण धरतात, म्हणजे चढ १/१२. ओटा ६० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ७२० सेंटिमीटर लांबवर पसरायला हवा. बऱ्याच दुकानांपुढचे रॅम्प पाहिले की कळतं, हा भागाकार कोणी केलेला नाही.

घाटावरून एक गोष्ट मात्र चुकीची शिकू नका. पातालपाणीहून कालाकुंडला जाताना उतार असतो आणि परत येताना तोच चढ होतो, कारण तिथे दिशा प्रवाशाची असते. ग्राफवर दिशा अक्षाची असते, तुमची नाही. म्हणून रेषेचा चढ कुठल्या टोकापासून मोजलात याने बदलत नाही. (−२, ७) आणि (४, −५) हे बिंदू घ्या. पहिल्याकडून दुसऱ्याकडे: (−५ − ७) / (४ + २) = −१२/६ = −२. उलट केलं तर (७ + ५) / (−२ − ४) = १२/(−६) = −२. तेच.

पहिला सापळा इथेच आहे. वर 'दुसरा वजा पहिला' आणि खाली 'पहिला वजा दुसरा' असं लिहिलं की चिन्ह उलटतं, आणि आकडा बरोबर असल्यामुळे चूक नजरेला पडत नाही. सवय लावून घ्या: वर ज्या बिंदूपासून सुरुवात केली, खालीही त्याच बिंदूपासून.

मग डोळ्यांनी तपासा. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर चढते तर चढ धन, खाली उतरते तर ऋण. आडवी असेल तर शून्य. अगदी उभी असेल तर चढ नाहीच. 'शून्य' आणि 'नाही' यांची गल्लत करू नका.

प्रश्नात चढाऐवजी कोन दिला असेल तर चढ = टॅन(कोन). कोन क्ष-अक्षाच्या धन बाजूपासून घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने मोजायचा. ४५ अंशांना चढ १, ६० ला √३, १२० ला −√३, १३५ ला −१. उज्जैनच्या वेधशाळेत कधी गेलात तर सम्राट यंत्राची तिरपी कड नीट बघा. ती ध्रुवाकडे रोखलेली आहे, म्हणून तिचा जमिनीशी कोन उज्जैनच्या अक्षांशाएवढा ठेवला आहे, साधारण २३ अंश ११ कला. चढ ०.४३ च्या आसपास. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधवून घेतलेली ही भिंत म्हणजे चढ मोजून उभी केलेली रेषाच आहे.

दुसरा सापळा: 'रेषा य-अक्षाशी ३० अंशांचा कोन करते'. इथे ३० ची टॅन घेतलीत की प्रश्न गेला. य-अक्षाशी ३० म्हणजे क्ष-अक्षाशी ६० किंवा १२०. चढ √३ किंवा −√३, रेषा दोन. प्रश्नात अधिक काही सांगितलं नसेल तर दोन्ही लिहा.

२. अंतःखंड म्हणजे लपलेला बिंदू

रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथला य, तो य-अंतःखंड. क्ष-अक्षाला जिथे छेदते तिथला क्ष, तो क्ष-अंतःखंड. प्रश्नात 'य-अंतःखंड ५' असं वाचलं की ताबडतोब समासात (०, ५) लिहा. 'क्ष-अंतःखंड −३' वाचलं की (−३, ०) लिहा. ही एक सवय लागली तर अर्धा धडा हलका होतो, कारण मग अंतःखंड नावाची वेगळी वस्तू उरतच नाही, एक साधा बिंदू उरतो.

अंतःखंडाला चिन्ह असतं. अंतराला नसतं. 'आरंभबिंदूच्या खाली ४ एककांवर य-अक्षाला छेदते' म्हणजे अंतःखंड −४. 'आरंभबिंदूपासून ४ एकक अंतरावर य-अक्षाला छेदते', एवढंच म्हटलं असेल तर तो ४ असेल किंवा −४, आणि रेषा दोन निघतील. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हे शब्द प्रश्नात सापडले की पेन्सिलीने अधोरेखित करा. परीक्षक ते उगीच घालत नाहीत.

३. एकच सूत्र, आणि त्याचे चार वेष

सरळ रेषा पक्की करायला माहितीचे दोन तुकडे लागतात. चढ आणि एक बिंदू, किंवा दोन बिंदू. एका तुकड्याने भागत नाही, तिसरा लागत नाही. आणि दोन बिंदू दिले तरी पहिलं काम त्यांच्यातून चढ काढण्याचंच असतं. म्हणजे शेवटी हातात नेहमी 'चढ म आणि एक बिंदू' एवढंच असतं.

माहीत असलेला बिंदू (ह, व) म्हणू. रेषेवरचा दुसरा कुठलाही बिंदू (क्ष, य). या दोघांमधला चढ म असलाच पाहिजे:

(य − व) / (क्ष − ह) = म

खालचा छेद पलीकडे नेला की य − व = म(क्ष − ह). हे मूळ. आता यात एकेक बिंदू घालून बघा.

चढ आणि य-अंतःखंड क दिला आहे. बिंदू (०, क). घाला: य − क = म(क्ष − ०), म्हणजे य = मक्ष + क.

चढ आणि क्ष-अंतःखंड अ दिला आहे. बिंदू (अ, ०). घाला: य = म(क्ष − अ).

दोन्ही अंतःखंड दिले आहेत, अ आणि ब. (इथला ब म्हणजे मघाचाच क. दोन रूपांत अक्षर वेगळं वापरायची चाल आहे, इतकंच.) बिंदू (अ, ०) आणि (०, ब). चढ = (ब − ०)/(० − अ) = −ब/अ. मग य = −(ब/अ)क्ष + ब. दोन्ही बाजूंना ब ने भागा आणि क्ष चं पद डावीकडे घ्या: क्ष/अ + य/ब = १.

चढ काढून झाला आणि अंतःखंड दिलेलाच नाही, नुसता बिंदू आहे, तर मूळ सूत्र तसंच वापरा. तो चौथा वेष.

ही मांडणी एकदा कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, स्वतः करा. सूत्र पाठ करायला माझी ना नाही, पेपरला वेळ वाचतो. पण पेपरच्या धांदलीत आठवण दगा देते, आणि 'क्ष-अंतःखंडाचं सूत्र म(क्ष − अ) की मक्ष + अ' असा गोंधळ होतो. ज्याला मूळ ठाऊक आहे तो दोन ओळींत परत काढून घेतो. भंवरकुआंच्या कोचिंगमधून शॉर्टकटचे कागद घेऊन येणाऱ्या मुलांना मी तो कागद उलटा ठेवायला सांगते ते याचसाठी.

४. प्रश्न वाचा, जोडी ओळखा

प्रश्न वाचल्यावर सूत्र शोधू नका. समासात दोन ओळी लिहा: चढ काय आहे? बिंदू कुठला आहे?

*चढ २/३, य-अंतःखंड −४.* य = (२/३)क्ष − ४. तीनने गुणलं की ३य = २क्ष − १२, म्हणजे २क्ष − ३य − १२ = ०. गुणताना शेवटच्या ४ ला विसरणारे वर्गात नेहमी निघतात.

*चढ ३, क्ष-अक्षाला आरंभबिंदूच्या डावीकडे ५ एककांवर छेदते.* डावीकडे, म्हणून अ = −५. य = ३(क्ष + ५), म्हणजे ३क्ष − य + १५ = ०. या प्रश्नाचं सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं उत्तर आहे य = ३क्ष − ५. तिथे दोन चुका एकदम होतात: क्ष-अंतःखंडाला य-अंतःखंड समजलं जातं, आणि तो आकडा म(क्ष − अ) च्या कंसात न जाता बाहेर बसतो.

*अंतःखंड ६ आणि −४.* क्ष/६ + य/(−४) = १. बाराने गुणा: २क्ष − ३य = १२. चढ २/३ निघतो. आणि थांबा, ही वरच्या पहिल्या उदाहरणातलीच रेषा आहे. माहिती वेगळी, रेषा तीच.

*य-अंतःखंड १, रेषा (−१, ४) मधून जाते.* चढ दिलेला नाही, पण बिंदू दोन आहेत: (०, १) आणि (−१, ४). चढ = (४ − १)/(−१ − ०) = −३. य = −३क्ष + १.

समांतर आणि लंब रेषांचे प्रश्न याच चाळणीतून जातात. समांतर म्हणजे चढ तोच. लंब म्हणजे दोन चढांचा गुणाकार −१. दिलेल्या रेषेकडून फक्त चढ उसना घ्यायचा, बिंदू प्रश्नातला.

५. उलट दिशेने: समीकरणातून चढ आणि अंतःखंड

३क्ष − ४य + १२ = ० यातून चढ काढा म्हटलं की घाईत ३ लिहिला जातो, आणि अंतःखंड म्हणून १२. दोन्ही चूक. जोपर्यंत य एकटा, १ या सहगुणकासह डावीकडे नाही, तोपर्यंत क्ष चा सहगुणक चढ नसतो.

य एकटा करा: ४य = ३क्ष + १२, य = (३/४)क्ष + ३. चढ ३/४, य-अंतःखंड ३. क्ष-अंतःखंडासाठी य = ० घाला: ३क्ष = −१२, क्ष = −४.

थेट सूत्र हवं असेल तर प·क्ष + त·य + ग = ० या रूपात चढ −प/त, य-अंतःखंड −ग/त, क्ष-अंतःखंड −ग/प. तिन्हीकडे वजा आहे, आणि तोच वजा विसरला जातो. मला विचाराल तर शून्य घालून अंतःखंड काढणं जास्त भरवशाचं. त्यात पाठ करायला काही नाही.

६. सूत्र जिथे चालत नाही

उभी रेषा. क्ष = ४ ही रेषा घ्या. तिच्यावरच्या कुठल्याही दोन बिंदूंत क्ष चा फरक शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. चढ नाही, म्हणून य = मक्ष + क मध्ये ही रेषा कधीच बसणार नाही. दोन बिंदू दिले असतील तर सूत्राला हात लावण्याआधी त्यांचे क्ष निर्देशक सारखे आहेत का ते बघा. सारखे असतील तर समीकरण क्ष = तो आकडा. एका ओळीत काम संपलं.

आडवी रेषा य = ब. चढ शून्य, त्यामुळे य = मक्ष + क ला काही अडचण नाही. पण ती क्ष-अक्षाला छेदत नाही, म्हणून क्ष/अ + य/ब = १ मध्ये बसत नाही. उभ्या रेषेचंही तसंच, ती य-अक्षाला छेदत नाही.

आरंभबिंदूतून जाणारी रेषा. तिचे दोन्ही अंतःखंड शून्य. खाली शून्य येणार, म्हणून अंतःखंड रूप बंद. आणि दोन्ही अंतःखंड शून्य आहेत एवढंच कळलं तर रेषा ठरतही नाही, कारण दोन्ही अंतःखंड एकाच बिंदूकडे बोट दाखवतात. दोन तुकडे दिल्यासारखे वाटतात, पण माहिती एकच. तिथे चढ किंवा आणखी एक बिंदू लागतोच, मग य = मक्ष.

याच जागी एक चोर प्रश्न येतो: 'समान अंतःखंड करणारी आणि (३, ५) मधून जाणारी रेषा काढा'. समान अंतःखंड म्हणजे क्ष/अ + य/अ = १, क्ष + य = अ, बिंदू घातला की क्ष + य = ८. अपेक्षित उत्तर हेच. पण ५क्ष − ३य = ० ही रेषासुद्धा (३, ५) मधून जाते आणि तिचेही अंतःखंड समान आहेत, दोन्ही शून्य. लेखी पेपरात मी मुलांना एक ओळ लिहायला सांगते, 'अंतःखंड शून्येतर मानून'. पर्याय दिलेले असतील तर चारही वाचल्याशिवाय खूण करू नका.

लंब रेषांची −१ ची अटही उभ्या-आडव्या जोडीला लागू पडत नाही. त्या दोघी लंब आहेत हे उघड दिसतं, पण एकीला चढच नाही तर गुणाकार कशाचा करणार?

७. अंतःखंड सरळ न देणारे प्रश्न

मार्क इथे कमावले जातात. यात अंतःखंड दिलेले नसतात, त्यांच्यातलं नातं दिलेलं असतं.

*रेषा (३, २) मधून जाते आणि अंतःखंडांची बेरीज १० आहे.* अ आणि १० − अ असे अंतःखंड घ्या. ३/अ + २/(१० − अ) = १. छेद काढा: ३(१० − अ) + २अ = अ(१० − अ). आवरलं की अ² − ११अ + ३० = ०, म्हणून अ = ५ किंवा ६. पहिल्या वेळी अंतःखंड ५ आणि ५, रेषा क्ष + य = ५. दुसऱ्या वेळी ६ आणि ४, रेषा २क्ष + ३य = १२. दोन्हीत (३, २) घालून बघा, दोन्ही खऱ्या आहेत. वर्गसमीकरण आलं की रेषा दोन असू शकतात. एक काढून पेन खाली ठेवणाऱ्याचे निम्मे मार्क जातात.

*अक्षांच्या मध्ये येणाऱ्या रेषाखंडाचा मध्यबिंदू (३, −२) आहे.* टोकं (अ, ०) आणि (०, ब), मध्य (अ/२, ब/२). म्हणून अ = ६, ब = −४. समीकरण पुन्हा २क्ष − ३य = १२. या रेषेने आज तिसऱ्यांदा हजेरी लावली.

*चढ २, अंतःखंडांची बेरीज ३.* य = २क्ष + क. क्ष-अंतःखंड −क/२. बेरीज क − क/२ = क/२ = ३, क = ६. रेषा य = २क्ष + ६.

तिन्हीत युक्ती एकच आहे. जे माहीत नाही त्याला अक्षर द्या, नातं लिहा, सोडवा.

८. ग्राफवर काढताना

खऱ्या आकड्यांची एक रेषा काढून बघा, सेल्सिअस आणि फॅरनहाइटची. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठतं, तेव्हा फॅरनहाइट ३२. १०० ला उकळतं, तेव्हा २१२. बिंदू (०, ३२) आणि (१००, २१२). चढ १८०/१०० = ९/५. य-अंतःखंड पहिल्या बिंदूतच दिसतो, ३२. समीकरण य = (९/५)क्ष + ३२. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० ला टेकला की फॅरनहाइटमध्ये १०४ होतात. क्ष-अंतःखंड −१६०/९, साधारण −१७.८: फॅरनहाइट शून्य असतो तेव्हाचं सेल्सिअस.

आता सापळा. कागदावर आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर = १० अंश सेल्सिअस घेतलं आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर = २० अंश फॅरनहाइट. कोनमापक लावलात तर रेषा सुमारे ४२ अंशांवर दिसेल. ४२ ची टॅन ०.९. पण चढ तर १.८ आहे. गणित चुकलं नाही, प्रमाण चुकवतंय. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं नसेल तर कागदावरचा कोन आणि चढ यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी चढ काढायचा तो अक्षांवरचे आकडे वाचून, चौकटी मोजून नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत हा घोटाळा हमखास होतो. तिथे चढाला एककही लिहावं लागतं: इथे फॅरनहाइट प्रति सेल्सिअस.

रेषा काढायला दोन बिंदू पुरतात, तरी तीन घ्या. तिसरा पट्टीवर आला नाही तर कुठेतरी वजाबाकी फसली आहे. अंतःखंड फार जवळजवळ असतील, उदाहरणार्थ ०.५ आणि ०.३, तर त्या दोन बिंदूंवरून रेषा ओढू नका. पेन्सिलीच्या जाडीएवढी चूक टोकाला चांगली दोन चौकटी होते. एक बिंदू लांबचा घ्या.

९. उत्तर सोडण्याआधी

दिलेला बिंदू समीकरणात घाला. दोन बिंदू असतील तर दोन्ही घाला, एक बरोबर बसला म्हणून दुसरा बसेलच असं नाही. मग कच्ची आकृती: चढ धन आणि रेषा खाली उतरताना दिसतेय, असं काही असेल तर तिथेच सापडतं. प्रश्नात सामान्य रूप मागितलं असेल तर अपूर्णांक काढून सगळं एका बाजूला आणा. मागितलं नसेल तर य = मक्ष + क तसंच ठेवलं तरी चालतं.

१०. स्वतः करा

पुस्तक मिटून, समासात 'चढ? बिंदू?' लिहून.

१) चढ −३/४, य-अंतःखंड ६.
२) चढ ५, क्ष-अंतःखंड −२.
३) अंतःखंड ४ आणि −६.
४) (३, ५) मधून जाणारी, अंतःखंड आकाराने सारखे पण विरुद्ध चिन्हांचे, आणि शून्य नाहीत.
५) (−२, ९) आणि (−२, −१) मधून जाणारी.
६) तिसऱ्या प्रश्नातली रेषा दोन्ही अक्षांबरोबर जो त्रिकोण करते त्याचं क्षेत्रफळ.

उत्तरं: १) ३क्ष + ४य = २४. २) ५क्ष − य + १० = ०. ३) ३क्ष − २य = १२. ४) क्ष − य = −२. ५) क्ष = −२, आणि इथे चढ काढायला बसला असाल तर सहावी पायरी पुन्हा वाचा. ६) १२ चौरस एकक. −१२ आलं असेल तर अंतःखंडाचं चिन्ह क्षेत्रफळात शिरलं आहे. त्रिकोणाच्या बाजू अंतःखंड नसतात, लांबी असतात: ४ आणि ६.